शेवटच्या कडव्यातलं नाव

माझ्याच लावणीतून माझं नाव मी माझ्या हातानं काढलं. कुणी मानेवर सुरी ठेवली नव्हती.

शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव ओवायची आमच्या फडात रीत. आमच्या भागातले इनामदार म्हणाले, "लावणीची तबकडी काढतो. पण तुझं नाव ऐकून ती घेणार कोण रं? आमचं घाल." मी जागच्या जागी घातलं. वर, "सरकार, तुमच्या नावानं चाल जास्त खुलती," असंही म्हणालो. खुलली होती खरंच, हे आणखी वाईट.

ग्रामोफोनची तबकडी निघाली. सांगलीला त्यांच्या बंगल्यावर पाहुणे जमले. मलाही बोलावणं आलं. उसना फेटा बांधून गेलो. जागा मिळाली पायरीखाली, वहाणांजवळ. तिथून मान उंच करून मी माझे शब्द ऐकले. शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव आलं. आत वाहवा झाली. बाहेर मीही मान डोलावली. सवय.

इनामदारांनी खिडकीतून विचारलं, "कशी वाटली रं आमची लावणी?"

"लय झ्याक, सरकार. आमास्नी कवा सुचायचं असलं?"

एक वकील पाहुणा हसला. "त्याला काय विचारता? डफ बडवावा यांच्या जातीनं. काव्य हे यांचं काम नव्हे."

त्याच्या बाजूची साक्ष मीच नुकती देऊन बसलो होतो.

आठवडा गेला. मग म्हसवडच्या जत्रेत आमची बारी लागली. शेवटच्या कडव्यात मी माझं नाव परत घातलं, आवाज चढवून. वाटलं, फेटे उडतील. उडालं ते ढेकूळ.

"ए चोरा! इनामदाराची लावणी हाय ती! तबकडीवर ऐकलीया आमी!"

ढोलकी थांबली. पळावंसं वाटलं, पाय तयारच होते. पण तेच कडवं मी पुन्हा म्हटलं. ढोलकीशिवाय. नावासकट.

खाली उतरलो आणि फडाच्या मालकिणीला म्हणालो, "आक्का, हितनं फुडं ही लावणी माझ्याच नावानं. दगडं पडली तरी. माझं नाव चोरलंय इनामदारानं."

आक्कानं पानाला चुना लावता लावता माझ्याकडं पाहिलं.

"गा की नावानं. पर चोरलं म्हनू नगंस. चोराला भिंत फोडाय लागती रं. तू तर त्येला घरपोच केलंस."