नळ शाळेपाशी नेला तेव्हा

माझ्या सासूबाईंना मी मामी म्हणते. गुडघे गेल्यापासून त्यांचा मुक्काम बाजेवर. मालक पुण्यात कामाला, मी अंगणवाडीत आणि घर अगदी ओढ्याकाठी. त्यामुळे मुखेडच्या प्रशिक्षणात तहसीलचे साहेब पुराच्या तयारीचं सांगत होते, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती बाजच होती.

गावात आम्ही बचत गटाच्या बायकांनी ठरवलं की भोंगा वाजला की सगळ्यांनी टेकाडावरच्या शाळेत जायचं आणि मामींची बाज चौघींनी उचलायची. रंगीत तालमीला साहेब आले. भोंगा वाजला आणि अख्खी वस्ती घागरी घेऊन ओढ्याकाठच्या नळावर धावली. आमच्याकडे आठ दिवसांनी पाणी सुटतं, तेव्हा ग्रामपंचायत हाच भोंगा वाजवते. त्या चौघीही रांगेत आणि मामी घरात एकट्या. साहेब हसले. माझं डोकं फिरलं.

महिनाभर मी घरोघरी घसा कोरडा केला. दुसऱ्या तालमीलाही तेच. घरी येऊन चिडचिड केली, तर मामी म्हणाल्या, "बायका नळाकडंच पळनार. मग नळच वर ने की."

पाण्याची टाकी शाळेमागेच होती. सरपंचांचा पिच्छा पुरवून मी नळ शाळेच्या फाटकाशी नेला. भरल्या घागरीनिशी उतार उतरताना बायका मला शिव्या घालायच्या. मी खुशाल ऐकून घेतल्या. तिसऱ्या तालमीला सगळी वस्ती वर पोचली, पण चौघींपैकी दोघी नंबर लावायच्या नादात बाज विसरल्या.

गेल्या पावसाळ्यात मी मीटिंगला मुखेडला गेले होते. परतताना एसटी पुलाअलीकडेच थांबली. पुलावरून पाणी चाललं होतं आणि गावातला एकही फोन लागेना. भोंगा वाजला असेल, पण त्या दोघींचं काय? मी बिचाऱ्या कंडक्टरवर उगाच खेकसले.

दिवस मावळायच्या आत पुलावरचं पाणी ओसरलं. मी चिखल तुडवत घर गाठलं. आत गुडघाभर पाणी होतं, बाज नव्हती. तशीच टेकाड चढले. शाळेच्या व्हरांड्यात मामी बाजेवर बसून चहा पीत होत्या.

"चौघीबी आल्या होत्या का?" मी विचारलं.

"आल्या की. लई जपून आनलं. मला वाटलं, म्या मेले का काय. इतकं जपून मेल्यावरच नेतात."

मी बाजेवर डोकं टेकून आधी हसले, मग मला रडू आवरेना.