चोवीस नावं, चोवीस मानपत्रं

चहा घ्या, पण एक करा, घोट तोंडात असताना ऐकू नका. शर्टावर सांडला तर पुन्हा माझ्याच नावानं बोंब. आधीच अख्ख्या नेरूळमध्ये माझ्या नावानं काय कमी बोंब आहे?

तर मी कॉम्प्युटर इंजिनियर. चौदा वर्षं प्रोग्राम लिहितोय. ऑफिसात नव्या पोरांच्या मुलाखती घेतो आणि माझा एक ठरलेला प्रश्न असतो: दोन याद्या जुळतात की नाही, हे कसं तपासशील? पोरगं म्हणालं, "सर, दोन्हींची लांबी मोजून," की मी त्याला चहासुद्धा न पाजता घरी पाठवतो. हे लक्षात ठेवा. माझ्या राहिलं नाही.

आमच्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. पहिल्यापासून राहणाऱ्या चोवीस जणांचा सत्कार करायचं ठरलं. शाल, नारळ आणि फ्रेम केलेलं मानपत्र. त्यात ज्याच्या-त्याच्याबद्दल एकेक ओळ. ओळी सेक्रेटरी घरतकाका स्वतः लिहिणार होते, खोल्यांच्या नंबराप्रमाणे. पण लोकांना स्टेजवर बोलवायचं कुठल्या क्रमाने? मागच्या गणपतीत पहिल्या आरतीचं ताट कोणी धरायचं, यावरून दोन मजले महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते!

"संदीप, तूच काय ते कर," घरतकाका म्हणाले. "कॉम्प्युटरनं यादी लावली का कोन बोलनार हाय?"

"टेन्शन नका घेऊ काका. नावं अकारविल्हे लावून देतो. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं काम! ही जीभ तेव्हाच कोणीतरी हासडायला हवी होती.

यादी लावली आणि न बघता सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. आता काकांनी प्रत्येक नावापुढे मानाने उपाधी लावलेली. कॉम्प्युटरला काय, तो पहिलं अक्षर बघतो. त्यामुळे आधी सगळे डॉ., मग सगळे श्री., मग सगळ्या श्रीमती, मग सगळ्या सौ. आणि पार शेवटी, ह.भ.प. अनंतबुवा!

पाच मिनिटांत दुसऱ्या मजल्यावरच्या शिंदेकाकूंचा फोन.

"काय रे, बायका शेवटी होय? जेवणं उरकल्यावर बोलवणार का आम्हाला?"

"अहो काकू, मी नाही, कॉम्प्युटरनं लावलंय."

"मग तुझा कॉम्प्युटर पण पुरुषच दिसतोय!"

अनंतबुवांनी फोन केला नाही. जिन्यात भेटले, माझ्याकडे बघितलं आणि नुसतं "रामकृष्ण हरी" म्हणाले. ते जास्त लागलं.

या सगळ्यात खरा जीव अडकलेला माझ्या आईचा. माझे वडील लवकर गेले. आईनं मार्केटात कांदे निवडून मला शिकवलं. तिचंही नाव त्या चोवीसात होतं. घरतकाका तिला म्हणालेले, "मालनताई, तुमच्यावर लई झ्याक लिवनार हाय." झालं! खांदेश्वरहून मावशीला बोलावणं गेलं, नवं ब्लाऊज शिवायला पडलं.

"माझं नाव आजपातुर एकदाच माइकवर घेतलंय," आई मावशीला सांगत होती. "मार्केटात. चप्पल हरवलीती म्हनून."

कार्यक्रम गच्चीवर होता. त्याच दिवशी दुपारी काकांच्या ओळी, नावांशिवाय नुसत्याच, माझ्या हातात पडल्या. फ्रेमवाला खाली स्कूटर चालू ठेवून उभा. मी चिडून सगळ्या उपाध्या उडवल्या, नावं नव्याने लावली. एका बाजूला नावांची यादी, दुसऱ्या बाजूला ओळींची. मोजलं. नावं चोवीस, ओळी चोवीस. जुळलं! दिलं छापायला.

लक्षात आलं का? नावं लागली अक्षरांप्रमाणे, पण ओळी तशाच राहिल्या, खोल्यांप्रमाणे. माझ्या काही लक्षात आलं नाही. मी इस्त्रीचा शर्ट घालून नारळाचं ताट धरायला स्टेजवर उभा.

निवेदिका बाहेरून आणलेली, तिला कोण कुठला काय माहीत? पहिलं नाव अनंतबुवांचं. बुवा खूश होऊन वर आले.

"यांनी महिला मंडळात सलग अठरा वर्षं फुगडी घालून सर्वांची मनं जिंकली!"

बुवांचे हात जोडलेले तसेच राहिले. मग दोन-तीन नावांनी कुसुम शिंदे, म्हणजे आमच्या शिंदेकाकू. "यांनी अर्ध्या चड्डीवर पाण्याच्या टाकीत उतरून गाळ उपसला!" अख्खी गच्ची फिदीफिदी. हातात ताट, पळू तरी कुठं?

"ताई, थांबा, यादी चुकलीय!" मी ओठांतल्या ओठांत पुटपुटलो.

तिनं माइकवर हात ठेवला. "दादा, फ्रेमा पण अशाच छापल्यात. आता काय करू?"

आणि आलं की हो नाव, मालन जगताप! आई पदर सावरत वर आली.

"यांनी पंचवीस वर्षं रोज पहाटे न चुकता पाण्याचा पंप चालू केला."

आईनं शाल घेतली, फ्रेम घेतली आणि माझ्याकडे बघितलं. "काय रं, पंप?"

"आई, नंतर सांगतो."

"मी कवा त्या पंपाला हात लावलाय?"

खालून मावशी ओरडली, "माले, पंप बी तूच चालवत व्हतीस? कधी बोलली न्हाईस!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. माझ्याच आईच्या वाट्याचे चार शब्द मीच घालवले. आणि ते गेले कुठं? तर वसंत कदमांकडे. कदमकाका, वय बहात्तर, पंपाचे खरे मालक, जन्माचे ब्रह्मचारी!

"यांनी कांदे निवडून, पोटाला चिमटा काढून, एकुलत्या एका मुलाला कॉम्प्युटर इंजिनियर केलं. सोसायटीला या माउलीचा अभिमान आहे!"

लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. पण कदमकाका भला माणूस. ते सरळ खाली उतरले, आईसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मालनताई, हे तुमचं आहे. माझा पंप मला द्या."

आईनं ती फ्रेम वाचली. एक एक शब्द, बोट लावून. तिचे डोळे भरले आणि माझेही. मग ती उठली, स्टेजवर आली आणि तिनं माइक हातात घेतला.

"इतकी वर्सं कांदा निवडला मी. मोठा हिकडं, गोल्टी तिकडं. अंधारात बी निवडला. पर बारकी गोल्टी कधी मोठ्या कांद्यात गेली न्हाई." मग माझ्याकडे बोट केलं. "आन् ह्याला चोवीस मानसं निवडता येत न्हाईत. कदमभाऊ, फ्रेम तुमालाच राहू द्या. असला इंजिनियर मी न्हाई केलेला!"

बाकी सगळ्यांनी आपापल्या फ्रेमा दुसऱ्या दिवशी बदलून घेतल्या. आमच्या भिंतीवर पंप आहे तो आहेच. आणि कदमकाका जिन्यात भेटले की चारचौघांत मला थांबवून विचारतात, "काय बाळा, जेवलास का?"