दाराआडची परीक्षा

माझ्या वहिनीला कारखान्यात सगळे भिंगबाई म्हणतात. औषधाच्या रिकाम्या बाटल्या पट्ट्यावरून दिव्यासमोर सरकत येतात. तडा गेलेली, तोंडाचा टवका उडालेली बाटली उचलून बाजूला काढायची, हे तिचं काम. कामगार जागे आहेत की डुलक्या काढतायत हे बघायला साहेब मधूनच एखादी फुटकी बाटली मुद्दाम सोडतात. वहिनीच्या नजरेतून ती कधीच सुटलेली नाही, आणि हे ती आल्यागेल्याला ऐकवत असते.

पण पोर सांभाळायला बाई शोधणं म्हणजे बाटल्या निवडणं नव्हे, हे तिला सांगणार कोण? मी सांगून पाहिलं. तर म्हणाली, तुला पोर झालं की कळेल.

तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. सोमवारी आलीस तर जागा तुझी, नाहीतर दुसरी बघतो, असं साहेबांनी बजावलं होतं. दादा ट्रकवर, आठ-आठ दिवस घराचं तोंड बघत नाही. मी पुढच्या खोलीत शिवणकाम करते. सुया, कात्र्या, तापलेली इस्त्री, त्यात रांगती पोर सोडायची म्हणजे विस्तवाशी खेळ.

मग बायकांची रांग लागली. एकीचा आवाज मोठा, एकीची नखं मोठी. एक फार गोड बोलायची म्हणून संशय, एक तोंडच उघडेना म्हणून संशय. वहिनीने सगळ्यांना वाटेला लावलं. माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला. शेवटी मी चिडून म्हटलं, "वहिनी, माप दे, मीच एक शिवून देते."

शनिवारी एक मावशी आल्या. केस पिकलेले, बोलणं बेताचं. त्यांनी आल्याआल्या हात धुतले आणि पोरीला उचलायची घाई न करता मधल्या खोलीत खाली बसल्या. थोड्या वेळाने पोरच रांगत त्यांच्याकडे गेली. माझा जीव भांड्यात पडला. वहिनी मात्र पाणी तापवून आणते म्हणाली आणि माझ्या खोलीत येऊन दार किलकिलं करून उभी राहिली.

पोर खेळण्यांच्या टोपलीकडे वळली, तशा मावशी झटकन पुढे झाल्या. तिच्या हाताशी पडलेलं काहीतरी त्यांनी उचललं. कोटाचं काळं बटण, माझ्याच डब्यातलं. वहिनी हसतहसत बाहेर आली आणि म्हणाली, "मावशी, सोमवारपासून या. मीच टाकलं होतं ते. तुमच्याआधी तिघींना दिसलंसुद्धा नाही."

मावशींनी पोरीला कडेवर घेतलं.

"आणि हिला दिसलं असतं तर?"

"मी होते ना दाराआड."

"दाराआडून घशात हात जातो का, ताई?"

मावशी शांतपणे म्हणाल्या की माझी परीक्षा घेतलीत त्याचं काही नाही, पण आज कुठे काय टाकलंय हे शोधत बसले तर पोरीकडे कधी बघू? त्यांनी पोर वहिनीकडे दिली, बटण माझ्या हातावर ठेवलं आणि चपला घातल्या. वहिनी फाटकापर्यंत मागे गेली. पुन्हा असं करणार नाही म्हणून तिने शपथ घेतली, हात जोडले. साहेबांपुढेसुद्धा ती कधी अशी वाकलेली नाही. मावशी थांबल्या नाहीत. मला दोघींचाही राग आला, वहिनीचा जास्त. हाती आलेलं माणूस तिने स्वतःच्या हुशारीने घालवलं होतं.

रविवारी शेजारणीने तिच्या ओळखीची एक मुलगी पाठवली. चांगली वाटली. थोडं डावं-उजवं होणारच, ठेव हिला, असं मी वहिनीला परोपरीने सांगितलं. वहिनीने तिला एक प्रश्न न विचारता परत पाठवलं, आणि साहेबांना फोन लावून माझी जागा दुसरीला द्या म्हणून सांगितलं. आता मात्र माझा तोल गेला.

"अगं, हिच्यात कसली खोट काढलीस?"

"हिच्यात काही नाही." पोरीला छातीशी धरून ती खाली बसली. "चार वेळा बटण टाकलं मी. चारही वेळा या पोरीचा हात पोचेल असंच ठेवलं. आता हिला कुणाजवळ सोडू म्हणतेस? माझ्याजवळ तरी सोडू का?"