टेबल दाराबाहेर निघालं तेव्हा

माझ्या मामांना सगळे ‘गुण्या’ म्हणायचे. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुतारी हत्यार, आणि मामांचा स्वभावही तसाच. परक्याच्या घरी भिंतीवरचं चित्र तिरकं दिसलं तरी उठून सरळ करायचे. एकदा तर भर लग्नात पुढे जाऊन नवरदेवाचा टाय नीट करून आले.

त्यांच्या हातचं सगळ्यात देखणं काम म्हणजे घरातलं जेवणाचं टेबल. मामींसाठी केलेलं. नुसतं खोडाच्या आतल्या गाभ्याचं, काळपट लाल लाकूड. खिळा नाही की स्क्रू नाही, सगळे सांधे एकमेकांत घट्ट बसवलेले. ते त्यांनी खोलीतच बनवलं आणि पूर्ण झाल्यावर कळलं की ते दारातून बाहेर निघणार नाही. जन्मभर मापं घेणारा माणूस आणि ही चूक! आम्ही हसून हसून बेजार झालो. मामा म्हणाले, “त्याला जायचंय कुठे?”

मामींचा त्या टेबलावर भारी जीव. चहाचा कप नुसता टेकवला की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, “खाली काहीतरी घे गं!” एकदा तर चहाला आलेल्या पाळकसाहेबांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. आणि त्याच टेबलाशी जेवणाआधी हात जोडून मामा रोज म्हणायचे, “प्रभू, आधी तू, मग आमचं सगळं.”

आमच्या चर्चमधलं प्रभुभोजनाचं मेजही मामांचंच, फुकट करून दिलेलं. पाळकसाहेब चारचौघांत कौतुक करायचे तेव्हा मामा मान खाली घालायचे. आम्हाला वाटायचं, काय हा विनय! मेजावर कायम पांढरीशुभ्र चादर असायची. तिच्याखाली डोकावायचं कुणाला कधी सुचलंच नाही.

मग तो रविवार आला. पाळकसाहेबांनी भाकर मोडली, प्याला उचलला, परत ठेवला, आणि कडकन आवाज झाला. मेजाचा पुढचा पाय मोडला आणि चादरीसकट सगळं खाली आलं. द्राक्षरस वाहत वाहत पहिल्या बाकाखाली आला.

चर्चचे खजिनदार पुढे झाले आणि मामांना म्हणाले, “वाळवी हो, दुसरं काय! यात तुमचा काय दोष?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मामा गुडघ्यावर बसले आणि मोडलेला पाय त्यांनी बोटाने टोकरला. पिठासारखा भुसा खाली पडला.

“वाळवी नाही,” ते म्हणाले, “भुंगेरे आहेत. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडातच शिरतात, गाभ्याला शिवत नाहीत. कुठल्याही सुताराला हे ठाऊक असतं, मलाही होतं. गाभा मी घरच्या टेबलाला लावला. कापून टाकलेलं पांढरं उरलं, त्याचं हे केलं आणि वरून रंग मारला. म्हटलं, वर चादरच असते, कोण बघतंय?”

कोण बघतंय! चर्चसाठी मेज करताना! मला तर रागच आला, त्यांचा आणि त्यांच्या त्या रोजच्या प्रार्थनेला इतकी वर्षं ‘आमेन’ म्हणणाऱ्या माझाही. पाळकसाहेब पुटपुटले, “जाऊ द्या, आपण नवीन विकत घेऊ.”

“नको,” मामा म्हणाले. “आहे माझ्याकडे.”

शेजारी बसलेल्या मामींनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली.

घरी पोचताच रणकंदन. “नवीन करून द्या ना! चांगल्यात चांगलं लाकूड आणा. माझंच टेबल कशाला?”

“म्हणजे चांगलं पुन्हा आपल्याचकडे राहील.”

“अहो, ते दारातून निघत तरी आहे का? देवालाच नको असेल!”

मामा उठून आत गेले. मामी जिंकल्या असं वाटलं आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. तेवढ्यात मामा करवत घेऊन आले. मामी धावत जाऊन टेबलावर आडव्या पडल्या. मी डोळे मिटून घेतले.

करवतीचा आवाज आला, पण दाराकडून. मामा दाराची चौकट कापत होते! स्वतःच्या हाताने बसवलेली चौकट!

“मामा, वेड लागलं का तुम्हाला?” मी ओरडले.

“टेबल कापलं तर देवाला पुन्हा तुकडेच जातील,” मामा म्हणाले आणि कापत राहिले.

दुपारपर्यंत दाराच्या जागी भगदाड पडलं. चौघांनी टेबल उचलून नेलं. आठवडाभर मामी नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. जमिनीवर ताटं आदळत होती, तेवढंच काय ते बोलणं. मामा हात जोडायचे, पण ती रोजची प्रार्थना त्यांच्या तोंडून निघत नव्हती.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांच्या पत्नी टेबलावर चादर अंथरत असताना मामी ताडकन उठल्या आणि तरातरा पुढे गेल्या. झालं, आता भर चर्चमध्ये भांडण! मामांनी डोळे मिटले. मामींनी चादर ओढून काढली, घडी केली आणि त्या बाईंच्या हातात दिली.

“राहू दे. आता झाकायचंय काय?”

मग त्या पहिल्या बाकावर बसल्या. पाळकसाहेबांनी प्याला उचलला, पण खाली ठेवताना त्यांचा हात थबकला. त्यांनी मामींकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “खाली काही घेऊ का?”

मामींचे डोळे भरून आले होते. त्या म्हणाल्या, “नको. ठेवा तसाच.”