बातमीबाईची नात

गल्लीत तिला कोणी नावानं हाक मारत नाही. थोरामोठ्यांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळ्यांची ती बातमीबाईच. हे नाव पडलं यंत्रमागांच्या कारखान्यात.

सगळे माग एकदम सुरू झाले की शेजारणीनं कानाशी बोंबललं तरी ऐकू येत नसे. म्हणून तिथल्या बायका ओठांनी बोलत. आवाज न काढता, शब्द लांबवत, भुवया उडवत. बातमीबाईच्या सासऱ्यांकडे रेडिओ होता. त्याला हात लावायची घरात कोणाची टाप नव्हती, पण सकाळच्या बातम्या स्वयंपाकघरापर्यंत येत. कणीक मळता मळता ती त्या ऐकायची आणि कामावर गेली की तुटलेला धागा जोडता जोडता पलीकडच्या मागावरच्या बाईला ओठांनी सांगायची. ती पुढचीला, पुढची तिच्या पुढचीला. सरकार पडलं तरी दुपारच्या आत शेवटच्या रांगेला ठाऊक!

"मालक पेपर वाचून येईपर्यंत आमच्याकडे ती बातमी शिळी झालेली असायची," हे ती अजूनही छाती काढून सांगते.

मागांनी तिचे कान मात्र खाल्ले. मुलानं कानाचं यंत्र आणून दिलं, तर त्यातून नुसता घरघराट. "कारखानाच घरी आणलास की रे," म्हणून तिनं ते ठेवून दिलं.

सासऱ्यांनंतर रेडिओचा कान पिळायचा मान मुलाकडे आला. आणि नात? ती रेडिओसमोर बसून बातम्या देणाऱ्यांची नक्कल करायची. तोंड आजीकडे, ओठ चांगले मोठे हलवत. आजीपर्यंत पोचायचं तर एकेक शब्द सुटा लागे.

ती नात आता रेडिओवर लागली होती. आज सकाळच्या बातम्या ती पहिल्यांदाच वाचणार होती. घर आनंदात, आणि बातमीबाई एकटीच खट्टू. जन्मभर दुसऱ्यांना बातम्या पोचवल्या; घरच्या पोरीनं त्या कशा वाचल्या, हे तिलाच कळणार नव्हतं.

"मी सांगतो ना," मुलगा म्हणाला. "तू नुसतं माझ्या तोंडाकडे बघ."

वेळ झाली. मुलगा रेडिओला कान लावून आईसमोर बसला, सून त्याच्या मागे उभी राहिली. नातीचा आवाज आला आणि मुलाचे ओठ हलू लागले. नमस्कार. धरणातलं पाणी. शिक्षकांचा संप. मग ओठ थांबलेच. गड्याचे डोळे भरून आले होते.

बातमीबाईनं त्याच्या मांडीला सणसणीत चिमटा काढला. "रडायचं ते नंतर रड. पुढे काय?"

तो पुन्हा सांगू लागला. मध्येच सुनेनं ओठ चावला. मुलगा मात्र तसाच पुढच्या बातमीवर गेला. बातम्या संपल्या.

"झकास वाचलं, आई! एक चूक नाही."

"खोटारड्या. मग हिनं ओठ का चावला?"

मुलानं बायकोकडे पाहिलं. सुटका नव्हती. "एका मंत्र्याच्या नावावर अडखळली जरा."

"थांबली?"

"नाही."

"मग गडबडीनं वाचलं?"

"नाही गं. माफ करा म्हणाली, नाव नीट घेतलं आणि आधीच्याच चालीनं पुढे गेली."

बातमीबाई ताडकन उठली. चपला शोधू लागली.

"आणि हे तू गाळत होतास? अरे, सरळ वाचायला काय, कोणीही वाचेल. सगळं जग ऐकत असताना चुकायचं आणि आवाज हलू द्यायचा नाही, त्याला काळीज लागतं. माझी आहे ती!"

सुनेनं खांद्याला हात लावून तिला वळवलं आणि ओठ हलवले. "आई, अडखळल्याचंही गल्लीत सांगणार?"

"आधी तेच सांगणार."

स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे तिचा आवाज नेहमीच वरच्या पट्टीत. गल्लीच्या पार टोकाला दूधवाल्यानं सायकल थांबवून मान वळवली.