बारा नंबरचं बी

मोबाईल नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. कळंबच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. केसपेपरचे जुने गठ्ठे उंदरांनी केव्हाच खाल्ले, किस्से मात्र साठतच गेले राव. त्यातले निम्मे महाळुंगे पडवळच्या दगडूअण्णांचे.

* * *

पहिल्यांदा आले तेव्हा सत्तरीचे अण्णा पुढे आणि त्यांची बायको हौसाबाई मागे, हातात अण्णांचीच एक चप्पल घेऊन.

"डाक्टरीनबाई, पायातनं चप्पल निघून जाती आन् ह्यांना पत्ताच नसतो," त्या म्हणाल्या. "मी मागनं येचत येते. मागल्या आठवड्यात बांधावरनं पडलं. पोरगं म्हनतंय, आता शेतात जायचं बंद, वट्यावर बसायचं. ह्ये येकदा बसलं की पुन्ना उठायचं न्हाईत."

अण्णांचं भलतंच. "पायाचं ऱ्हाऊ द्या. पोटात लई जळतंय, त्येचं बगा."

* * *

रक्त तपासायला पुण्याला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अण्णा, पाय बधिर झालेत ते तुमच्यात बी ट्वेल्व्ह फार कमी आहे म्हणून. बी बारा म्हणा हवं तर."

अण्णांनी मान डोलावली, एसटीने थेट जुन्नर गाठलं आणि बियाण्याच्या दुकानात शेठना म्हणाले, "बारा नंबरचं बी द्या." शेठनी कांद्याचं दाखवलं, ज्वारीचं दाखवलं. अण्णा हटेनात. "ह्ये न्हाई. डाक्टरीनबाईंनी सांगितल्यालंच पायजे."

शेवटी शेठचाच दवाखान्यात फोन. "बाई, हे पेरायचं आहे की खायचं?"

* * *

मग मंचरला पोटात दुर्बीण घालून तपासणी झाली. जंतू निघाला. बाईंनी समजावलं, "या जंतूने पोट बिघडवलंय, म्हणून बी बारा अंगी लागत नाही. चौदा दिवस गोळ्या, एकही चुकवायची नाही. शिवाय इंजेक्शनं."

अण्णा विचारात पडले. "म्हंजी इतकी वर्सं माज्या जिवावर जेवला, आन् येक दिस खुरपं न्हाई धरलं भाड्यानं."

* * *

ते इंजेक्शन लालभडक असतं. मी भरायला घेतलं तसा अण्णांनी दंड मागे ओढला.

"कुनाचं रगत हाय?"

"रक्त नाही अण्णा, औषध आहे."

"खरं सांग. भावकीतलं आसंल तर नगं. त्येंच्यामुळंच पोट जळतंय माजं."

त्या दिवशी हौसाबाईंना मी पहिल्यांदा हसताना बघितलं.

* * *

गोळ्या संपल्या, जळजळ गेली, भाकरी वाढली. इंजेक्शनं चालूच होती. पायांबद्दल मात्र बाई काही बोलेनात. "वेळ लागतो, आणि कधी कधी पूर्ण भरून येतही नाही," असं मला एकट्याला म्हणाल्या. हौसाबाई अजून चपला वेचतच येत होत्या.

असे दोन-तीन महिने गेले. एक दिवस दाराबाहेर अण्णांचा आवाज चढला. चपला बाहेर काढायचंही भान नाही, तसेच तरातरा आत आले.

"ह्यो काय दवाखाना हाय? पायरीवर समदी खडी पसरून ठिवलीया. चपलंत खडा गेला, लई टोचतोय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अण्णा, परत सांगा."

"टोचतोय म्हनलं की! ऐकू येत न्हाई व्हय?"

अण्णांनी चप्पल काढली आणि बाईंच्या टेबलासमोरच झटकली. खडा फरशीवर पडला. मागून आलेल्या हौसाबाई खाली वाकल्या, तो उचलला, पुसला आणि पदराच्या गाठीत बांधला.