न आठवणाऱ्यांचं आडनाव

कापितोलिना अर्खिपोव्हना माझी शेजारीण. सायबेरियातल्या शिल्का नदीकाठच्या आमच्या गावात तिनं हवामान केंद्रावर चौतीस वर्षं तापमानाच्या नोंदी घेतल्या. लग्न केलं नाही, भावंडं नव्हती. आडनाव नेपोम्न्याश्चाया, म्हणजे ‘न आठवणारी’.

निवृत्त झाल्यावर तिला या आडनावाचं मूळ शोधायचं वेड लागलं. मी चिडवायची, “अगं, मूळपुरुषच सगळं विसरून बसला, आणि तू काय उकरतेस?”

“विसरला नव्हता गं, झोया. सांगितलं नाही त्यानं.”

खरंच होतं ते. झारच्या काळात खाणींतून पळालेले कैदी पकडले गेले की खरं नाव सांगत नसत. सांगितलं तर परत तीच खाण आणि वर चाबूक. मग कारकून लिहायचा: इव्हान, कूळ आठवत नाही. दफ्तरखान्यातून तिला अखेर तिच्या पूर्वजाची नोंद असलेल्या पानाची नक्कल आली. ‘वय अंदाजे तीस, डाव्या हाताचं एक बोट नाही.’ त्याच पानावर असे अकरा इव्हान होते. खरं नाव कुठेच नव्हतं. ती दोन दिवस घराबाहेर पडली नाही.

तिसऱ्या दिवसापासून तिनं त्याच आडनावाच्या लोकांना पत्रं धाडली. उत्तर एकाचंच आलं. क्रास्नोयार्स्ककडचा सावेली, रेल्वेतून निवृत्त झालेला विधुर. उन्हाळ्यात तो भेटायलाच आला, सोबत पाइनच्या खायच्या बियांची पिशवी आणि स्वतःच्या पणजोबाचा कागद घेऊन. दोघांनी कागद शेजारी ठेवले. त्याचा इव्हान सहा वर्षं आधी, हजार मैलांवर पकडला गेला होता आणि त्याची दहाही बोटं शाबूत होती.

“म्हणजे आपण एकमेकांचे कुणीच नाही,” सावेली म्हणाला.

“नाही.”

“मग चहा तरी ओता, बाईसाहेब. एवढ्या लांबून आलोय.”

आठवडाभर राहायला आलेला माणूस दुसऱ्याच दिवशी निघाला. ती बसपर्यंत पोचवायला गेली. त्यानंतर महिन्याला एक पत्र तिचं, एक त्याचं, असं तीन वर्षं चाललं. मग एकदा तिचंच पत्र न उघडलेलं परत आलं. पाकिटावर कुणीतरी लिहिलं होतं: वारले.

पाय सुजलेले असताना ती दोन दिवस आगगाडीत बसून तिकडे गेली. दफनभूमीच्या कचेरीत माणसानं विचारलं, “मयताच्या कोण तुम्ही?”

“बहीण.”

त्यानं तिच्या पासपोर्टवरचं आडनाव पाहिलं, टोपी चढवली आणि तिला थडग्यापर्यंत घेऊन गेला.

ती परत आल्यावर मी विचारलं, “कसं होतं गं तिथे?”

“वारा फार होता,” ती म्हणाली, आणि चूल पेटवायला आत गेली.